लिंबूची ट्रायल

अडीच तास झाले तरी जोतिराम परतला नव्हता. मी चौथा चहा सांगितला आणि तो तसाच गार होऊ दिला.

कोल्हापुरात उद्यमनगरात आमचं गॅरेज. तिथून निघायचं, पन्हाळ्याचा रस्ता धरायचा, वाघबिळाचा चढ चढून वर जायचं आणि वळून परत यायचं, हा आमचा ट्रायलीचा ठरलेला रस्ता. कितीही रमतगमत गेला तरी माणूस दीड तासात दारात पाहिजे. मी दारातच उभा होतो. पाय दुखायला लागले होते, पण आत जाऊन बसवत नव्हतं.

"बस की जरा, नेताजी," शेजारच्या लेथवाल्या खराडेमामांनी हाक मारली. "गाडी हाय ती, बाळंतीण न्हाई."

"तुम्हाला चेष्टा सुचतीया. पाच महिने घातलेत मी तिच्यात."

"त्येच म्हणतोय. पाच महिन्यांत लोक अख्खा टेम्पो बांधून रस्त्यावर आणत्यात. तू एक डबा बांधलास."

डबा म्हणजे बॅटरी. ह्या डब्यापायी मी पाच महिने घरात धड बोललो नव्हतो. बायको म्हणायची, ताटात भाकरी आहे का पुठ्ठा हेसुद्धा तुम्हाला कळत नसणार. खरं होतं ते.

गाडी नेजकर बाईंची. कंपनीनं तिला काहीतरी अवघड नाव दिलं होतं, पण रंग असा पिकल्या लिंबासारखा की पहिल्याच दिवशी उद्यमनगरानं तिचं बारसं करून टाकलं. लिंबू. दोन दारांची, बुटकी, जमिनीला चिकटलेली स्पोर्ट गाडी. आणि हायब्रीड. म्हणजे पेट्रोलचं इंजिन आणि बॅटरीवर चालणारी मोटर, दोघांनी मिळून एकदम जोर लावायचा. उतारावर ब्रेक दाबला की बॅटरी आपली आपण भरायची. तीन वर्षं विकली आणि कंपनीनं बंद करून टाकली. सगळ्या कोल्हापुरात ही एकच.

आणि ती घेतली कुणी, तर एकसष्ट वर्षांच्या, रिटायर झालेल्या, गणिताच्या बाईंनी! लग्न केलं नाही, जन्मभर सायकल आणि एसटी. रिटायर झाल्यावर गाडी शिकल्या आणि ही उचलून आणली. मला आठवीला त्यांनीच गणित शिकवलं होतं. "उत्तर चुकलं तरी चालेल, पण स्वतःचं काढ," असं म्हणून पाठीत हलकी चापट मारायच्या. त्यांची चापट चुकवायला म्हणून मी थोडंफार गणित शिकलो, आणि तेच पुढं वायरिंगमध्ये कामाला आलं.

लिंबू गॅरेजसमोर उभी राहिली की उद्यमनगराची दोन गावं व्हायची. अर्धे म्हणायचे, नाद खुळा गाडी आहे. अर्धे म्हणायचे, खुळ्यांची गाडी आहे. आणि दुसऱ्या गावाचा पाटील म्हणजे माझाच भागीदार, जोतिराम शेळके.

"इंजिन बारकं, बॅटरी बारकी, माणसं दोनच बसणार आणि किंमत चौघांची," जोतिराम बॉनेटवर हात ठेवून भाषण ठोकायचा. "ना धड पळायची, ना धड पेट्रोल वाचवायची. कंपनीनं उगंच बंद केली व्हय? कंपनी काय येडी हाय?"

"खालून कशी ओढ घेती ते बघितलंस का?" मी म्हणायचो. "दुसऱ्या गिअरला मोटर लागली की मागनं कुणीतरी ढकलल्यागत वाटतंय."

"ढकलल्याशिवाय चालतच न्हाई म्हण की!"

सगळे हसायचे. बाई असल्या तर त्याही हसायच्या, पण गप्प राहायच्या नाहीत. "शेळके, दोन अपूर्णांक मिळून एक पूर्ण होतो. तुला आठवीत ते जमलं नव्हतं, आता कसं जमेल?" जोतिराम त्यांच्या शाळेत कधी नव्हताच, पण तो मान खाली घालायचा आणि फडक्यानं बॉनेटवरचा स्वतःच्या हाताचा डाग पुसायचा. तो डाग तो दर वेळी पुसायचा. हे तेव्हा मला कुणी सांगितलं असतं तर मी म्हटलं असतं, स्वच्छ माणूस आहे बिचारा.

सहा वर्षं लिंबू बिनतक्रार चालली. मग एका सकाळी डबा गेला आणि गाडी बसली. कंपनीकडं नवीन डबा नाही. बंद झालेल्या गाडीला विचारतो कोण? पुण्याला विचारलं, बंगळूरला विचारलं. सगळीकडं एकच, बाई, भंगारात काढा.

बाई माझ्याकडं आल्या. "नेताजी, मला आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडीला जायचंय. बहीण आहे तिथं. सहा वर्षं म्हणतेय की स्वतः चालवत येते, आणि सहा वर्षं कोल्हापुरातच फिरतेय. घाटाची भीती वाटायची. आता भीती गेली तर गाडी बसली. होईल का रे काही?"

"बघतो की," मी म्हटलं.

डब्यात एकशे वीस सेल होते. मी एकेक सुटा केला. एकेक भरायचा, बल्ब लावून रिकामा करायचा, किती वेळ तग धरतोय ते वहीत लिहायचं. मग पुन्हा भरायचा. दम नसलेले एकोणतीस निघाले. मुंबईला एका भंगारवाल्याकडं त्याच जातीचे सेल मिळाले, त्यांतून शंभरएक तपासून एकोणतीस निवडले. सगळे एका तोलाचे करून पुन्हा बांधले. वायरी बांधल्या त्या मेणदोऱ्यानं, प्लॅस्टिकच्या पट्ट्या लावून नाही. दर चार बोटांवर एक गाठ, आणि गाठीचं शेपूट डावीकडं. आमच्या उस्तादांची, बाबालाल मिस्त्रींची ही शिकवण. वायरमनची गाठ म्हणजे त्याची सही, म्हणायचे. दुसऱ्या कुणाचं शेपूट डावीकडं नसायचं.

उस्तादांची दुसरी शिकवण ट्रायलीची. मी वायरमन, जोतिराम इंजिनवाला, दोघंही त्यांच्याच हाताखाली घडलेलो. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "ज्यानं काम केलं त्यानं ट्रायल घ्यायची न्हाई. ज्यानं खोलली त्याला त्याची गाडी बरीच वाटती. दुसऱ्यानं बघावं." मी काम केलं की जोतिराम ट्रायल घेणार, त्यानं केलं की मी. परत आल्यावर बोलायचं नाही. पास असली तर किल्ली काम करणाऱ्याच्या हातात द्यायची. नापास असली तर भिंतीवरच्या खिळ्याला अडकवायची. बोलणं त्यानंतर. आणि खिळ्याला किल्ली लागली की वाद नाही, निमूट गाडी पुन्हा खोलायची. बावीस वर्षांत मी जोतिरामची कितीतरी इंजिनं खिळ्याला लावली होती. त्यानं एकदाही तोंड वाकडं केलं नाही. मीही केलं नव्हतं.

म्हणून त्या दिवशी मी दारात उभा होतो आणि माझ्याच हातचा डबा घेऊन जोतिराम पन्हाळ्याला गेला होता.

शेवटी लिंबू वळणावर दिसली. आवाज न करता आली, दारात थांबली. जोतिराम उतरला. केस विस्कटलेले, तोंड लालेलाल, डोळ्यांत पाणी. खिडकीची काच पार खाली. मी हात पुढं केला. तो माझ्या हाताकडं बघत राहिला, बराच वेळ. मग आत गेला आणि किल्ली खिळ्याला अडकवली.

"वाघबिळाच्या चढाला लाल लाईट लागली," तो पाठमोराच म्हणाला. "मग वास आला. जळका. डबा हात लावू देईना इतका तापलाय म्हणून तासभर तिथंच बसून राहिलो."

"कुठल्या बाजूचा? डावीकडचा का उजवीकडचा?"

"मला काय कळतंय त्यातलं? तापला एवढं कळतंय."

मी मागचं दार उघडून हात लावला. डबा कोमट होता. मीटर लावला. आकडे बरोबर. "जोत्या, इथं तर सगळं बरोबर दाखवतंय."

"उभ्या गाडीत बरोबरच दाखवणार. चढाला काय दाखवतंय त्ये मी बघून आलोय." तो वळला. "नेता, उस्तादांचा नियम हाय. मी वाद घातलाय का कधी तुझ्याशी?"

नव्हता घातला. त्या गाडीची कॉम्प्युटरवर तपासणी करायचं यंत्र कोल्हापुरात कुणाकडं नव्हतं. मी तरी कशाच्या जोरावर वाद घालणार?

"पुन्हा खोलतो," मी म्हटलं. "दोन महिने दे."

"आणि मग परत तापला तर? आंबोलीच्या घाटात बाई एकट्या असत्याल. दीडशे व्होल्टचा डबा पाठीमागं. तुझ्या हातनं काय व्हायचं ऱ्हायलं तर तोंड दाखवशील का कुणाला?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "तू लई केलंस. कुणीच एवढं केलं नसतं. पण न्हाई जमलं. सोड. बेळगावला एक गिऱ्हाईक हाय, सुट्या भागांसाठी घेईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेज उघडता उघडता तो म्हणाला, "बाईंना तूच सांग. तुझं ऐकत्यात त्या."

तसाच बाईंकडं गेलो. दारातच म्हणाल्या, "झाली?" हातात नकाशा होता. कागदी, घडीचा, त्यावर पेन्सिलीनं आंबोलीपर्यंतच्या पेट्रोलपंपांना गोल केलेले.

मी सांगितलं. माझं काम फसलं म्हणून सांगितलं. वास, लाल लाईट, तापलेला डबा, सगळं असं सांगितलं की जणू मीच वाघबिळाला बसून होतो. बाईंनी नकाशाची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली.

"तुझी खात्री आहे, नेताजी?"

"होय बाई."

"मग झालं," म्हणाल्या. आठ दिवसांत लिंबू बेळगावला गेली.

त्यानंतर मी बॅटरीच्या कामाला हात लावला नाही. पुढं उद्यमनगरात बॅटरीवरच्या रिक्षा आल्या, स्कूटरी आल्या, नवीन हायब्रीड गाड्या आल्या. लोक यायचे, कारण एकेकाळी माझं नाव होतं. मी म्हणायचो, मला नाही येत ते. हॉर्न, लाईट, वायपर एवढंच करायचो. आमच्या पुढच्या गल्लीतल्या एकानं बॅटरीच्या कामावर दुमजली गॅरेज बांधलं, आणि मी वायपरची रबरं बदलत बसलो. कधी कुणी फारच गळ घातली तर जोतिराम आतून ओरडायचा, "त्याला नगं सांगू बाबा, त्याला त्यात गती न्हाई!" लोक हसायचे. मीही हसायचो. हे लिहितानासुद्धा माझं रक्त उसळतंय.

अशी चार वर्षं गेली.

एका सोमवारी सकाळी बाबालाल उस्ताद गेले. वय झालं होतं, झोपेतच गेले. उद्यमनगराची सुट्टी सोमवारची. जोतिराम सोमवारी कागलकडच्या आपल्या मळ्यावर असायचा. चार वर्षांत एक सोमवार त्यानं चुकवला नव्हता. आम्ही चेष्टा करायचो, मळ्यात काय दुसरी बायको ठेवलीय का म्हणून. फोन लावला तर लागेना. दुपारी दफन होतं आणि उस्तादांना खांदा द्यायला त्यांचे दोन्ही चेले पाहिजेत म्हणून मी स्कूटर काढली आणि मळा गाठला. त्याआधी मी तिथं कधी गेलो नव्हतो. त्यानं कधी बोलावलंच नव्हतं.

दारात मालनवहिनी शेंगा निवडत बसल्या होत्या. मला बघून लगबगीनं उठल्या.

"या भावजी, या! एकदाचं पाय लागलं. बरं झालं आज आलासा, कालच धुतलीया."

"काय धुतलीया?"

"लिंबू की! तीच बघायला आलासा न्हवं? आत्ता येतील हे. चक्कर मारायला गेल्यात. सोमवारचं लिंबू फिरवल्याशिवाय भाकरी गोड लागत न्हाई ह्यास्नी."

मला वाटलं, उन्हानं मला भलतंच काहीतरी ऐकू आलं.

"कुठली लिंबू, वहिनी?"

"आता! तुम्हीच न्हाई का दुरुस्त करून दिली? येईल-जाईल त्याला सांगत्यात, माझ्या नेताजीनं डबा बांधलाय, कंपनीला जमलं नसतं. बेळगावच्या माझ्या भणीच्या मालकाच्या नावावर हाय ती, कागदाचं काय असंल त्ये असंल." त्यांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं. "बसा, पाणी आणते."

मी बसलो नाही. समोर छपराखाली एक जागा झाडून-सारवून मोकळी ठेवलेली होती. शेजारी बैल बांधायचे खांब, एका खांबाला ठोकलेला खिळा, त्यावर पिवळं फडकं. गाडी पुसायचं.

मग आवाज न करता लिंबू आली. बांधावरच्या वळणावरून, उन्हात चकाकत. छपरासमोर थांबली आणि जोतिराम उतरला. केस विस्कटलेले, तोंड लालेलाल, डोळ्यांत पाणी. काच पार खाली.

तो चेहरा मी ओळखला. चार वर्षांपूर्वी गॅरेजच्या दारात तो असाच उतरला होता. मी तेव्हा समजलो होतो की घाबरलाय. माणूस घाबरल्यावर असा दिसत नाही. पोटभर सुख झाल्यावर दिसतो.

त्यानं मला बघितलं आणि जागच्या जागी उभा राहिला.

"उस्ताद गेले," मी म्हटलं. "तुझा फोन लागला नाही."

तो खालीच बसला, मातीत. डोकं धरलं. वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन आल्या, त्यांनाही सांगितलं, त्यांनी तोंडाला पदर लावला. थोड्या वेळानं त्या आत गेल्या. मी गाडीच्या मागं गेलो, दार उघडलं, आतलं झाकण काढलं.

माझा डबा. मेणदोरा तस्साच, थोडा काळवंडलेला. दर चार बोटांवर गाठ. शेपूट डावीकडं. एकूणएक.

"किती सेल बदललेस?" मी विचारलं.

"एकबी न्हाई."

"लाल लाईट?"

तो बोटानं मातीत रेघा ओढायला लागला.

"जोत्या, लाल लाईट लागली होती का नाही?"

"न्हाई लागली." मातीकडं बघून बोलत होता. "त्या दिवशी न्हाई आणि त्यानंतर कधीच न्हाई. तुझं काम चोख होतं, नेता."

मला वाटलं, ह्याच्या थोबाडात द्यावी. हात उठला नाही, एवढंच.

"सव्वीस वर्षं," मी म्हटलं. "सव्वीस वर्षं मी तुझा शब्द खाली पडू दिला नाही. अरे, मागायची होतीस! बाईंना सांगायचं होतंस, मला आवडली, विकत द्या."

"काय तोंडानं सांगू? सहा वर्षं सगळ्या उद्यमनगरापुढं शिव्या घातल्या तिला. पहिल्यापासनं आवडायची मला. पहिल्या दिवसापासनं. पण तू चांगली म्हणायचास म्हणून मी वाईट म्हणायला लागलो, मग लोक हसायला लागलं, मग तीच सवय पडली." त्यानं नाक पुसलं. "आणि बाई चालू गाडी विकणार होत्या व्हय? या जन्मात न्हाई. ट्रायलीला वर पन्हाळ्यावर नेली, गडाच्या तीन दरवाज्यापाशी वळवली, उताराला सोडली... परत द्यायची वासनाच हुईना बघ. तासभर तिथंच बसलो हुतो. द्यायची का न्हाई, द्यायची का न्हाई. तू हात पुढं केलास तवा देणारच हुतो."

"मग?"

"न्हाई दिली."

"आणि मला गती नाही म्हणून चार वर्षं ओरडत होतास, ते?"

मला कळलं होतं ते. मी पुन्हा एखादा डबा बांधला असता आणि तो चालला असता, तर मला शंका आली असती. माझे हात बांधून ठेवायचे होते त्याला. गाडीसाठी माझा धंदा गेला, नाव गेलं, ते वेगळंच. पण रोज सकाळी माझ्या डब्यातली भाजी खाऊन तो हे करत होता.

तो उठला. डोळे पुसले. खिशातून किल्ली काढली आणि माझ्यापुढं धरली. "घे. एकदा चालव. तुझीच हाय ती. उस्तादांच्या मातीला हिच्यातनंच जाऊ, तू चालव."

मी हात पुढं केला. त्यानं किल्ली माझ्या तळहातावर ठेवली. पास झालेल्या गाडीची ठेवतात तशी, चार वर्षांनी.

"ज्यानं काम केलं त्यानं ट्रायल घ्यायची न्हाई," मी म्हटलं.

खांबावरच्या खिळ्याला पिवळं फडकं होतं ते काढून खाली टाकलं आणि त्या खिळ्याला किल्ली अडकवली. जोतिरामनं ते बघितलं. तो उस्तादांचाच चेला होता, त्याला सांगायची गरज नव्हती. मी स्कूटरला किक मारली.

दफनाला तो आला, बसनं आला. एका बाजूला तो, एका बाजूला मी, मध्ये उस्ताद. महिन्याभरात गॅरेजच्या बोर्डावरून एक नाव पुसलं गेलं. माझं. मी दोन गल्ल्या सोडून वेगळी जागा घेतली आणि पहिलं काम बॅटरीचं घेतलं.

पण त्याआधी, दफनाच्या दुसऱ्याच दिवशी, मी नेजकर बाईंकडं गेलो होतो. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता. जोतिरामनं मला फसवलं ते एक, पण बाईंच्या समोर बसून खोटं बोललो होतो तो मी.

बाई सत्तरीच्या पुढं गेल्या होत्या. डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं, जाड काचा आल्या होत्या. आता गाडी चालवायची नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी सगळं सांगितलं. मळा, वहिनी, गाठी, सगळं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. शाळेतही अशाच ऐकायच्या, फळ्याकडं पाठ करून.

"शेळके माझ्याकडं आला होता," सगळं झाल्यावर म्हणाल्या.

"कधी?"

"तू आलास त्याच्या आदल्या संध्याकाळी. बाई, डबा जळतोय, गाडी विकून टाका म्हणाला. मी त्याला दारातून घालवला. म्हटलं, तुझा कुणी विश्वास धरायचा? सहा वर्षं शिव्या घालतोयस तिला. नेताजी स्वतः येऊन सांगेल तेव्हा मानेन."

मला खुर्चीत बसवेना. जोतिरामचा शब्द बाईंपुढं चालला नव्हता. म्हणून त्यानं माझा वापरला होता, आणि मी तो घेऊन आपल्या पायांनी चालत गेलो होतो. तूच सांग, तुझं ऐकत्यात त्या.

"एक विचारू?" बाई म्हणाल्या. "तू बसला होतास का रे त्या दिवशी गाडीत?"

"नाही, बाई."

"निदान गल्लीच्या टोकापर्यंत?"

"नाही. आमचा नियम..."

"नियम चांगलाच आहे तुमचा," त्या म्हणाल्या. "पण मला येऊन सांगितलंस ते तू बघितल्यासारखं सांगितलंस. वाससुद्धा सांगितलास. शेजाऱ्याचं उत्तर लिहिलंस, नेताजी. आठवीत कधी केलं नव्हतंस."

मी रडलो. पंचेचाळिशीचा माणूस, बाईंच्या समोर, आठवीतल्यासारखा. त्यांनी रडू दिलं. मग उठून आत गेल्या, भांड्यांचा आवाज आला, स्टो पेटला. थोड्या वेळानं चहा घेऊन आल्या आणि कप माझ्या हातात देऊन समोर बसल्या.

"बहिणीकडं मी एसटीनं जाऊन आले," म्हणाल्या. "आंबोलीला खिडकीशी बसले होते. ड्रायव्हर वळणं फार वाईट घेत होता." मग जरा पुढं झुकल्या. त्या जाड काचांमागं त्यांचे डोळे एकाएकी पूर्वीसारखे झाले. "ते जाऊ दे. चालते कशी रे ती आता? चढाला ओढते का पूर्वीसारखी?"

"मला माहीत नाही, बाई," मी म्हटलं. "मी अजून चालवलेली नाही."